लेकराचा मेंदू उजवा का डावा?

लेकराला बारावीसाठी लातूरला ठेवायचं ठरलं असेल, तर खोली, मेस आणि क्लासची फी बघण्याआधी एक काम उरकून घ्या. त्याचा मेंदू उजवा आहे का डावा, म्हणजे मेंदूचा कुठला अर्धा जास्त चालतो, हे नक्की करा. नीटला डावा लागतो. उजवा निघाला तर लेकरू चित्रं काढतं, तबला वाजवतं, आणि पाहुण्यांत तोंड दाखवायला जागा राहत नाही.

ओळखायचं कसं? व्हॉट्सअ‍ॅपवर गिरक्या घेणारी एक बाई येते. ती घड्याळाच्या काट्यासारखी फिरताना दिसली की मेंदू उजवा, उलटी दिसली की डावा. नोबुयुकी कायाहारा नावाच्या जपानी माणसानं 2003 मध्ये ती केली. ती नुसती काळी आकृती आहे. तिचा पाय पुढं आहे का मागं, हे कळायला काहीच खूण नसल्यानं मेंदू आपल्या मनानं एक दिशा धरतो आणि मधेच बदलतोही. हे मात्र लेकराला सांगू नका. ते तिला दोन्हीकडून फिरवून दाखवील आणि तुमची पंचाईत होईल.

त्यापेक्षा बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्यांकडं जा. ठसे आईच्या पोटातच पक्के होतात. मग बुद्धीही तिथंच ठरली असेल तर क्लासची फी कशाला, असं कुणी विचारलं तर ‘मार्गदर्शनासाठी’ म्हणावं.

उजवा मेंदू तेज करायला डावा डोळा उघडा ठेवून उजव्यावर पट्टी बांधा, असंही सांगणारे आहेत. बांधा. आता डोळ्यांच्या मागं परभणीसारखं एक जंक्शन आहे. प्रत्येक डोळ्याच्या नाकाकडच्या तारा तिथून पलीकडं जातात आणि कानाकडच्या आपल्याच बाजूला राहतात. त्यामुळं एकच डोळा उघडा असला तरी माल दोन्हीकडं पोचतो. वाटणी डोळ्यांची नसते, देखाव्याची असते. नजर समोर खिळवली की डावीकडचं दृश्य उजव्या अर्ध्यात जातं आणि उजवीकडचं डाव्यात. पण पट्टीचे पैसे दिलेत ना, मग असल्या बारकाव्यात शिरू नका.

कुणी फारच शहाणा भेटला तर मेंदूच्या दोन अर्ध्यांचा अभ्यास करणाऱ्या रॉजर स्पेरींचं नाव फेका. 1981 चं नोबेल म्हटलं की समोरचा गप्प होतो. स्पेरींनी तपासलेल्या माणसांचे दोन अर्धे जोडणारा पूल फिट्स थांबवण्यासाठी कापलेला होता, हे गाळा. तुमच्या लेकराच्या डोक्यात तो सुमारे 20 कोटी तंतूंचा पूल शाबूत आहे आणि त्यावरून रात्रंदिवस ये-जा चालू आहे, हेही गाळा. 2013 मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या लोकांनी 1,011 जणांच्या मेंदूचे स्कॅन पाहिले. एकूण मेंदूच उजवा किंवा एकूण मेंदूच डावा, अशी माणसं त्यांना सापडली नाहीत. भाषा बहुतेकांची डावीकडं असते, एवढं मात्र खरं.

आणि ती फावड्याची गोष्ट तर चुकूनही काढू नका. स्पेरींचे शिष्य मायकेल गॅझानिगा आणि त्यांचे सहकारी जोसेफ लेडू यांनी पूल कापलेल्या एका तरुणाच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पंजा दाखवला आणि उजव्याला बर्फ साचलेलं घर. मग पुढं चित्रं मांडली. डाव्या मेंदूच्या ताब्यातल्या उजव्या हातानं कोंबडी निवडली, उजव्या मेंदूच्या ताब्यातल्या डाव्या हातानं फावडं, बर्फ उपसायला. फावडं का घेतलंस, असं विचारलं. बोलणारा मेंदू डावा, त्यानं बर्फ पाहिलेलाच नव्हता. पण ‘ठाऊक नाही’ म्हणेल तर तो डावा मेंदू कसला! खुराडं साफ करायला फावडं लागतंच की, असं त्यानं बिनदिक्कत सांगितलं. खोटं बोलतोय असं त्याला वाटलंही नाही. गॅझानिगांनी या कारभाराला दुभाष्या म्हटलं. आपल्याकडं असा माणूस पारावर बसतो आणि पाऊस का पडला नाही, हे सांगतो.

ठशांचा अहवाल आम्हीही काढला होता, पुतण्याचा. सोयाबीनचे पैसे नुकतेच आले होते. रंगीत पानं, गोल गोल आलेख, आणि शेवटी लिहिलेलं: वैद्यकीय क्षेत्र. पुतण्या आता औशात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, आणि झकास चालवतो. परवा अण्णांनी विचारलं, “काय रे, त्या कागदात तर डॉक्टर लिहिलं होतं ना? तूच वाचून दाखवलं होतंस.”

मला क्षणभरही थांबावं लागलं नाही.

“अण्णा, मोबाइल उघडून आतलं नीट करायचं म्हणजे ऑपरेशनच की!”