डोंगरावर प्रेम करा, पण जिवापाड

रॉकी पर्वतरांगांतली लाखो एकर सरकारी जमीन, जी कागदोपत्री प्रत्येक अमेरिकन माणसाच्या मालकीची आहे, ती अशी नुसती पडून राहिलेली तुम्हाला बघवत नाही ना? मग एक पथ्य पाळा. डोंगराशी वैर धरू नका, वैर लगेच लोकांच्या डोळ्यांवर येतं. प्रेम करा.

नमुना हवा असेल तर २०१६ च्या मे महिन्यातला घ्या. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फिरायला आलेल्या मंडळींना बायसनचं, म्हणजे तिथल्या गव्यासारख्या रानटी जनावराचं, नुकतंच जन्मलेलं पिल्लू दिसलं. बिचारं गारठलंय, असं वाटून त्यांनी ते उचललं आणि चक्क गाडीत घालून रेंजरांकडे नेलं. रेंजरांनी ते परत कळपात सोडून पाहिलं, एकदा नाही, अनेकदा. कळपाने घेतलं नाही. पिल्लू माणसांच्या आणि गाड्यांच्या मागे लागू लागलं. शेवटी त्याला मारावं लागलं. ना बंदूक, ना सापळा. नुसत्या मायेने काम झालं. अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड आणि बाकीच्यांपासून २५ यार्ड लांब राहा, असा तिथे नियम आहे खरा. पण तो मायाळू माणसांसाठी थोडाच असतो!

मग कुंपण घाला. प्रॉन्गहॉर्न हा हरणासारखा दिसणारा प्राणी ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर धावतो, पण उडी मारायच्या भानगडीत सहसा पडत नाही. तारेपाशी आला की थबकतो, पुढचे गुडघे टेकतो, मान खाली घालतो आणि खालून सरपटत निघतो. पाठीचे केस तारेला अडकून राहतात आणि उघड्या पडलेल्या कातडीवर हिवाळा येतो. तेव्हा सगळ्यात खालची तार काटेरीच घ्या आणि जमिनीला चिकटवून ताणा. तीच तार बिनकाट्याची घेऊन हातभर वर बांधली, तर तो सुखाने पलीकडे जातो. असले सल्ले देणाऱ्यांना दारात उभं करू नका.

कायद्याला घाबरायचं कारण नाही. १८७२ च्या मार्चमध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी यलोस्टोन राखण्याच्या कायद्यावर सही केली आणि मे महिन्यात खाणकामाच्या कायद्यावर. हात तोच. तो दुसरा कायदा अजून लागू आहे: सरकारी जमिनीतलं सोनं काढा, केंद्राला स्वामित्वधन म्हणून एक दमडी द्यावी लागत नाही. चराईही तशीच. २०२५ मध्ये गाय-वासराला महिनाभर चारायचे १.३५ डॉलर.

मात्र ‘विकतो’ हा शब्द चुकूनही उच्चारू नका. २०२५ च्या जूनमध्ये सिनेटर माइक ली यांनी सरकारी जमिनी विकायच्या प्रस्तावात तो उच्चारला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे शिकारी, मासेमारीचे शौकीन आणि पर्यावरणवाले एका सुरात ओरडले, आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला. मालकी लोकांचीच राहू द्या हो. सातबारा त्यांचा, पीक तुमचं.

इतकं करूनही काही नतद्रष्ट आडवे येतातच. वायोमिंग राज्यात ट्रॅपर्स पॉइंटपाशी प्रॉन्गहॉर्नची सुमारे सहा हजार वर्षांची वाट हमरस्त्याने तोडली होती. २०१२ मध्ये तिथे खास प्राण्यांसाठी रस्त्यावरून पूल बांधले आणि कळप त्यांवरून जाऊही लागले. हरकत नाही. ते स्थलांतराला निघाले की पुलाच्या तोंडाशी गाडी लावा, मुलाबाळांना खाली उतरवा आणि जवळून फोटो काढा. अगदी जवळून.