ठोका आला म्हणजे बेअरिंगच गेले, असे नाही

जुन्या डिझेल ट्रकच्या मालकांमध्ये आणि चालकांमध्ये सध्या मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा : इंजिनात ठोका आला म्हणजे कनेक्टिंग रॉडचे (पिस्टन आणि क्रँक यांना जोडणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग गेले, ते कोणत्या सिलिंडरचे हे पाहण्यासाठी एकेका नोझलचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाचा) पाइप ढिला करावा, ज्या पाइपाला ठोका थांबेल त्या सिलिंडरचे बेअरिंग गेलेले असते, खात्रीसाठी काढलेल्या ऑइलमध्ये लोहचुंबक फिरवावे, आणि इंजिन बांधण्यापुरते पैसे जमेपर्यंत जाड ऑइल घालून व डिझेल पंपाचे टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) थोडे मागे घेऊन गाडी चालवावी. यातल्या प्रत्येक सल्ल्यात गॅरेजमधल्या अनुभवाचा थोडा अंश आहे, म्हणूनच तो पटतो आणि म्हणूनच महागात पडतो.

येथे टाटा १६१३ मधल्या ६९७ इंजिनासारखी जुनी इंजिने गृहीत धरली आहेत : सहा सिलिंडर, ९७ मिमी बोअर, १२८ मिमी स्ट्रोक, ५६७५ सीसी आणि यांत्रिक इनलाइन पंप. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे एका सामायिक नळीतून सर्व नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नव्या इंजिनात, दाब हजार बारच्या पुढे जातो, त्यामुळे तिथे चालू इंजिनावर पाइप ढिला करण्याचा विचारही करू नये.

पहिला दावा ठोका म्हणजे बेअरिंग असा. डिझेल इंजिनात इंधन पिस्टन वर पोहोचण्याच्या थोडे आधी फवारले जाते आणि ते पेटायला काही क्षण लागतात. तेवढ्या वेळात साचलेले इंधन एकदम पेटले की सिलिंडरमधला दाब झटक्याने चढतो, आणि तोच आवाज ठोका म्हणून ऐकू येतो. हा ज्वलनाचा ठोका थंड इंजिनात सर्वांत जास्त असतो आणि इंजिन तापले की मऊ होतो. बेअरिंगचे वागणे बहुधा याच्या उलट असते. इंजिन तापले, ऑइल पातळ झाले की ते जास्त बोलते, आणि सोबत ऑइल प्रेशरचा काटाही खाली येतो. सकाळी सेल्फ मारल्यावरचा आवाज आणि तासाभराच्या फेरीनंतरचा आवाज यांची तुलना करायला एक रुपयाही लागत नाही, तरी संदेशात तिचा उल्लेख नाही.

दुसरा दावा पाइप ढिला करण्याचा. ही चाचणी जुनी आणि चांगली आहे, चूक आहे ती तिच्यातून काढलेल्या निष्कर्षात. पाइप ढिला केला की त्या सिलिंडरमधले ज्वलन बंद होते. दोष नोझलचा असेल तर ठोका थांबणारच, कारण ठोका ज्वलनाचाच होता. पण दोष बेअरिंगचा असला तरी तो दबतो, कारण पिस्टनवरचा स्फोटाचा जोर गेला की बेअरिंगमधल्या वाढलेल्या फटीत रॉड आपटत नाही. गजन पिन (पिस्टन आणि रॉड यांना जोडणारी पिन) सैल असली तरी आवाज बदलतो. म्हणजे ही चाचणी सिलिंडर सांगते, भाग सांगत नाही.

भाग सांगते ती पुढची पायरी, आणि नेमकी तीच गाळली जाते. माझ्या परिचयातल्या एका १६१३ ला चार नंबरच्या सिलिंडरवर स्वच्छ ठोका होता. पाइप ढिला केला की शांत, आवळला की पुन्हा सुरू. एका गॅरेजने लगेच चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे पात्र) उतरवायला सांगितले होते. मालकाने एक दिवस मागून घेतला. चारची नोझल दोनला आणि दोनची चारला बसवली, तांब्याची वॉशर नवी घातली, पाइपांतली हवा काढली आणि इंजिन चालू केले. ठोका दोन नंबरवर गेला होता. बेअरिंग काही एका सिलिंडरातून दुसऱ्यात चालत जात नाही. नोझल तपासायच्या टेस्टरवर धरल्यावर त्या नोझलमधून बारीक फवारा न पडता टोकावरून डिझेल ठिबकत होते. नोझलच्या आतली पिन अडकत होती. नोझल बदलल्यावर काम संपले. अदलाबदल करूनही ठोका चारवरच राहिला असता, तर चेंबर उतरवणे योग्य ठरले असते, आणि तेव्हा मात्र गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नये, कारण खरोखर गेलेले बेअरिंग क्रँकची जर्नल (बेअरिंग बसते तो गुळगुळीत भाग) खाते आणि पॉलिशवर भागणारे काम ग्राइंडिंगवर जाते.

(पाइप ढिला करताना नटवर फडके टाकावे आणि हात फवाऱ्यासमोर आणू नये. दाबाखालचे डिझेल कातडी भेदून आत शिरते, आणि तसे झाल्यास जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच रुग्णालय गाठावे लागते.)

लोहचुंबकाचा सल्ला दोन्ही बाजूंनी फसवतो. बेअरिंगची पाठ पोलादाची असली, तरी झिजतो तो आतला थर, आणि तो तांबे-शिसे किंवा ॲल्युमिनियम-कथिल यांच्या मिश्रधातूचा असतो. तो चुंबकाला चिकटत नाही. उलट रिंग, लायनर आणि टायमिंग गिअर यांची नेहमीची झीज चुंबकावर काळ्या लोण्यासारखी जमते आणि निरोगी इंजिनाच्या मालकालाही घाबरवते. त्याऐवजी ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पसरून पाहावा. चंदेरी पापुद्रे आणि त्यात तांबूस चमक दिसली, तर बेअरिंगविषयीची शंका रास्त आहे.

जाड ऑइलाबद्दल थोडक्यात. त्याने ऑइल प्रेशरचा काटा वर जातो, फट कमी होत नाही, आणि सकाळी तेच ऑइल बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते. शिवाय ठिबकणाऱ्या नोझलचे डिझेल चेंबरमध्ये उतरून ऑइल पातळ करत असेल, तर जाड ऑइल नेमका तोच पुरावा झाकते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास, एवढे आधी तपासावे. टायमिंग मागे घेतल्याने ठोका खरोखर मऊ होतो, कारण इंधन अधिक तापलेल्या हवेत पडून लवकर पेटते. पण ज्वलन उशिरापर्यंत चालते, धूर आणि डिझेलचा खप वाढतो, आणि भरलेली गाडी खंबाटकी घाट चढताना एक गिअर खाली मागते. पंपाच्या कपलिंगची खूण सरकलेली असेल तर ती जुळवावी. जुळलेली असेल तर तिला हात लावू नये.

सहाही पाइप एकेक करून ढिले केले आणि ठोका तसूभरही बदलला नाही, तर काय करावे, हे संदेशात नाहीच. अशा वेळी संशय सिलिंडरांच्या बाहेर न्यावा. क्लच दाबल्यावर आवाज बदलतो का, ते पाहावे. मग ब्रेकची हवेची टाकी रिकामी करून इंजिन चालू ठेवावे आणि हवेच्या दाबाचा काटा चढताना कान पुढच्या बाजूला ठेवावा. टाकी भरून अनलोडरने (टाकी भरल्यावर जादा हवा सोडणाऱ्या झडपेने) फुस्स करून हवा सोडताच ठोका हलका झाला, तर इंजिनाचे चेंबर तसेच ठेवून आधी एअर कंप्रेसर (ब्रेकची हवा भरणारा पंप) उघडावा.