‘ईआरपी क्लाउडवर टाका आणि सर्व्हर विसरा’ या दाव्याला उत्तर

ईआरपी (बिलिंग, स्टॉक, पगार, हिशेब एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या सर्व्हरवर, टाकलं की सर्व्हरची कटकट संपली, असा एक दावा सध्या व्यवसाय चालवणाऱ्यांमध्ये हातोहात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सर्व्हर पुरवठादार सांभाळतो. सिस्टिम स्लो झाली तर एका क्लिकवर मोठा सर्व्हर मिळतो. बॅकअप आपोआप होतो. सुरक्षा क्लाउड कंपनी बघते. सेटिंग एकदा लावलं की परत हात लावायचा नाही. आणि म्हणून सर्व्हर सांभाळणारा माणूस ठेवायची गरज उरत नाही.

यातल्या प्रत्येक वाक्यात थोडंफार तथ्य आहे, म्हणूनच हा दावा ऐकताक्षणी पटतो. पण बिलिंग, स्टॉक, पगार आणि हिशेब ज्या मशीनवर चालतात, त्याबद्दल अर्धवट माहितीवर निर्णय घेतला की नुकसान ऐन महिनाअखेरीला समोर येतं. हे काम रोज करणाऱ्याने यावर गप्प बसणं मला योग्य वाटत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘सर्व्हर पुरवठादार सांभाळतो’

आधी कुठल्या क्लाउडबद्दल बोलतो आहोत ते ठरवायला हवं. ईआरपी बनवणारी कंपनीच ती चालवत असेल आणि तुम्ही ब्राउझरमधून फक्त वापरत असाल, तर ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि पॅच (त्रुटी दुरुस्त करणारे बदल) ही कामं खरोखर तिची असतात. तिथे हा मुद्दा बऱ्याच अंशी मान्य.

पण ‘क्लाउडवर नेलं’ म्हणताना अनेकदा घडतं ते असं की ऑफिसातल्या सर्व्हरवर जे होतं, तेच जसंच्या तसं भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर (मोठ्या सर्व्हरचा सॉफ्टवेअरने वेगळा काढलेला हिस्सा) ठेवलं जातं. तिथे पुरवठादार इमारत, वीज, नेटवर्क, हार्डवेअर आणि त्यावरचा हायपरव्हायझर (असे हिस्से पाडणारं सॉफ्टवेअर) सांभाळतो. मशीनच्या आतली ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, ईआरपी, फायरवॉलचे नियम, युजर आणि पासवर्ड हे सगळं ग्राहकाच्या गळ्यात असतं. मोठ्या क्लाउड कंपन्या जबाबदारीची ही वाटणी स्वतःच्या कागदपत्रांत उघडपणे लिहून ठेवतात, यात काही लपवलेलं नाही. ती वाचली तर दाव्यातलं हे पहिलं वाक्य तिथेच अडतं.

‘स्लो झालं तर एका क्लिकवर सर्व्हर मोठा करा’

या वाक्यावर सगळ्यात जास्त पैसा वाया जातो, त्यामुळे इथे जरा थांबतो.

ओडू या ईआरपीचं उदाहरण घ्या. त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘वर्कर्स’ (एकाच वेळी कामं करणाऱ्या स्वतंत्र प्रोसेस) नावाचं एक सेटिंग असतं आणि त्याचं मूळ मूल्य शून्य असतं. शून्य म्हणजे सगळ्या युजरची कामं एकाच प्रोसेसमधल्या (चालू प्रोग्रॅममधल्या) थ्रेडवर, म्हणजे समांतर धाग्यांवर चालतात. ओडू पायथॉनमध्ये लिहिलेलं आहे, आणि नेहमीच्या पायथॉनमध्ये एका प्रोसेसमधले थ्रेड एका वेळी एकाच कोअरवर (प्रोसेसरच्या एका भागावर) पायथॉनचं काम करू शकतात. म्हणजे चार कोअरचा सर्व्हर सोडून सोळा कोअरचा घेतला, तरी ओडू वापरणार जवळपास एकच कोअर. बाकीचे रिकामे बसतात आणि बिल मात्र सोळांचं येतं. कोअरच्या दुपटीत एक मिळवून तेवढे वर्कर्स ठेवा, असा ढोबळ नियम ओडूच्या मार्गदर्शिकेत दिलेला आहे. त्या हिशेबाने सोळा कोअरला ३३ वर्कर्स.

पण तो आकडा फाइलमध्ये लिहून भागत नाही. प्रत्येक वर्करला मेमरी लागते आणि प्रत्येक वर्कर डेटाबेसची स्वतःची कनेक्शन्स उघडतो. ओडूच्या मागे असलेल्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एका वेळच्या कनेक्शन्सची मूळ मर्यादा १०० असते. ती न बघता पुढे वर्कर्स वाढवले, की आधी जे फक्त संथ होतं ते गर्दीच्या वेळी कनेक्शन नाकारू लागतं. शिवाय पोस्टग्रेस स्वतःच्या बफरसाठी (डेटा हाताशी ठेवण्याच्या जागेसाठी) मुळात १२८ एमबीच मेमरी धरतं, मशीनमध्ये ८ जीबी असो की ६४ जीबी. स्वतंत्र डेटाबेस सर्व्हरवर एकूण मेमरीच्या साधारण २५ टक्क्यांपासून सुरुवात करा, असं पोस्टग्रेसची कागदपत्रं सांगतात. हा बदल माणसालाच करावा लागतो, मोठं मशीन घेतल्याने तो होत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची तऱ्हा नेमकी उलटी. त्याच्या कमाल मेमरीवर मुळात काहीच व्यवहार्य मर्यादा नसते. ईआरपी आणि डेटाबेस एकाच मशीनवर असतील तर डेटाबेस मेमरी घेत जातो आणि शेजारचं अ‍ॅप्लिकेशन गुदमरतं. मशीन मोठं केलं की तो आणखी घेतो.

आता डिस्क. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर जीपी-२ प्रकारच्या डिस्कचा वेग तिच्या आकाराशी बांधलेला आहे: दर जीबीमागे सेकंदाला ३ वाचन-लेखनं. १०० जीबीच्या डिस्कला हक्काची मिळतात ३००. न वापरता साठलेल्या क्रेडिटवर ती काही काळ ३,००० पर्यंत धावते. भरलेलं क्रेडिट ५४ लाख वाचन-लेखनांचं असतं. पूर्ण वेगाने वापरलं तर सेकंदाला ३,००० जातात, ३०० भरून येतात, म्हणजे साधारण ३३ मिनिटांत खातं रिकामं. रोजच्या कामात ही मर्यादा जाणवतही नाही. महिनाअखेरचं क्लोजिंग सुरू केलं की पहिला अर्धा तास सगळं सुरळीत चालतं आणि मग वेग एकदम दहाव्या हिश्श्यावर येतो. कोअर आणि मेमरी वाढवून यात काहीही फरक पडत नाही. डिस्कचा प्रकार बदलावा लागतो, आणि त्यासाठी डिस्कचे आकडे कुणीतरी बघत असावा लागतो.

अंतराचा हिशेब तर बहुतेक वेळा कुणी करतच नाही. अ‍ॅप्लिकेशन एका शहरातल्या डेटा सेंटरमध्ये आणि डेटाबेस दूरच्या दुसऱ्या, असं ठेवलं आणि दोघांमधली एक फेरी ४० मिलिसेकंदांची असेल, तर ३०० छोट्या क्वेरी (डेटाबेसला विचारणा) टाकणारी इनव्हॉइसची स्क्रीन उघडायला निव्वळ प्रवासातच १२ सेकंद जातात. दोन्ही शेजारी ठेवले आणि फेरी अर्ध्या मिलिसेकंदावर आली, तर तोच प्रवास ०.१५ सेकंदाचा. पहिल्या रचनेत जगातला सर्वांत मोठा सर्व्हर आणून ठेवला तरी ते १२ सेकंद कमी होणार नाहीत.

‘बॅकअप आपोआप होतो’

बॅकअपचा जॉब आपोआप चालतो, हे खरं. त्यातून डेटा परत मिळतो का, हे रिस्टोअर करून (बॅकअपमधून डेटा परत उभा करून) बघितल्याशिवाय कळत नाही.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत काय झालं ते तिने स्वतः जाहीरपणे लिहिलं आहे. दुय्यम डेटाबेस सर्व्हर मुख्य सर्व्हरच्या मागे पडत होता. तो नव्याने जोडण्यासाठी इंजिनिअरने डेटाची डिरेक्टरी पुसायला घेतली, पण कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते.

मग बॅकअप शोधायला घेतले. रोजचा डेटाबेस डंप (सगळ्या डेटाची फाइलमधली प्रत) तयारच होत नव्हता: डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि डंप घेणारं साधन ९.२ चं, त्यामुळे जॉब दरवेळी एररने बंद पडत होता. त्या एररचे ईमेल जात होते, पण ईमेलची सही बरोबर नसल्याने मेल सर्व्हर ते परत लावत होता. ज्या क्लाउड स्टोरेजमध्ये बॅकअप साठायला हवे होते, ते रिकामं निघालं. शेवटी कामी आला तो एक डिस्क स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत), चाचणीच्या कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेला. तो परत आणायलाही सुमारे १८ तास लागले, कारण तिकडच्या डिस्क संथ होत्या. आणि ही सगळी सेवा त्या वेळी क्लाउडवरच चालत होती.

‘आमच्याकडे रेप्लिका आहे’ हेही उत्तर वारंवार ऐकू येतं. रेप्लिका म्हणजे डेटाबेसची सतत अद्ययावत होणारी जोडप्रत. हार्डवेअर बिघडलं तर ती वाचवते. कुणी चुकून वर्षभराची खाती पुसली, तर ती पुसण्याची नक्कल त्याच क्षणी तिकडेही होते.

सगळे बॅकअप एकाच पुरवठादाराकडे ठेवण्यातला धोकाही कल्पनेतला नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत जळून गेलं, आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा तोही गेला. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या सहा लाखांहून अधिक सभासदांच्या पेन्शन फंडाची गूगल क्लाउडवरची खासगी यंत्रणाच पुसली गेली. उभारणीच्या वेळी गूगलच्या बाजूने एक सेटिंग रिकामं राहिलं होतं, त्यामुळे सिस्टिमने एक वर्षाची मुदत धरली आणि मुदत संपताच सगळं हटवलं. गूगल आणि फंडाच्या त्या वेळच्या संयुक्त निवेदनानुसार दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती होत्या, दोन्ही गेल्या. पुढच्या दुरुस्तीत मोठा आधार झाला तो दुसऱ्याच पुरवठादाराकडे ठेवलेल्या बॅकअपचा. ती प्रत बाहेर ठेवायची, हे फंडातल्याच माणसांनी आधी ठरवलेलं होतं.

‘सुरक्षा क्लाउड कंपनी बघते’

इमारतीच्या दारावरचा पहारा ती नक्की बघते. जुलै २०२० मध्ये सॅप या ईआरपी कंपनीच्या नेटवीव्हर जावा सर्व्हरमधली (तिचं सॉफ्टवेअर ज्यावर चालतं तो भाग) ‘रेकॉन’ ही त्रुटी उघड झाली. तीव्रता दहापैकी दहा. लॉगिन न करता बाहेरचा माणूस थेट अ‍ॅडमिन युजर तयार करू शकत होता. सॅपने पॅच दिला. भाड्याच्या मशीनवर सॅप चालवणाऱ्यांच्या सर्व्हरवर तो लावणं हे त्यांचं काम होतं, क्लाउड कंपनीचं नाही. एप्रिल २०२५ मध्ये नेटवीव्हरच्याच दुसऱ्या भागात पुन्हा दहापैकी दहाची त्रुटी निघाली, आणि या वेळी पॅच येण्याआधीच हल्ले सुरू झाले होते. अशा दिवशी कुठला सर्व्हर इंटरनेटला उघडा आहे, कुठला पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) तातडीने बंद करायचा आणि पॅच लावला तर कुठलं कस्टम काम अडेल, हे तुमची सिस्टिम जाणणाराच सांगू शकतो.

लहान ठिकाणी तर त्रुटीचीही गरज पडत नाही. ओडूचं डेटाबेस हाताळण्याचं पान इंटरनेटला उघडं आणि मास्टर पासवर्ड मूळचाच, एवढ्यावर अख्खा डेटाबेस डाउनलोड करता येतो किंवा पुसता येतो. ते पान बंद करायला कॉन्फिगरेशनमधली एक ओळ पुरते.

‘एकदा सेट केलं की हात लावू नका’

हात न लावलेला सर्व्हरही बदलत असतो. लॉग वाढतात. एसक्यूएल सर्व्हरचा डेटाबेस फुल रिकव्हरी मोडमध्ये (बॅकअप होईपर्यंत प्रत्येक बदलाची नोंद लॉगमध्ये ठेवणारा प्रकार) असेल आणि ट्रान्झॅक्शन लॉगचा बॅकअप लावलेला नसेल, तर लॉगची फाइल डिस्क भरेपर्यंत फुगते आणि मग एकही एन्ट्री होत नाही. सॅपच्या हाना डेटाबेसचंही असंच, लॉगची जागा भरली की डेटाबेस जागच्या जागी थांबतो. सपोर्टच्या मुदती संपतात: सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमची ३० जून २०२४ ला संपली. साइटची ओळख पटवणारी सर्टिफिकेटं तर आता अधिकच लवकर बदलावी लागणार आहेत. ब्राउझर आणि सर्टिफिकेट कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या वेळापत्रकानुसार कमाल मुदत ३९८ दिवसांवरून टप्प्याटप्प्याने खाली येत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस होणार आहे. वर्षातून एकदा आठवणीने बदलण्याची पद्धत तिथे टिकणार नाही, नूतनीकरण स्वयंचलित करावंच लागेल.

आणि न वापरलेलं जुनं तसंच पडू दिलं तर काय होतं, ते १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीने भोगलं. नवं सॉफ्टवेअर आठ सर्व्हरवर टाकायचं होतं. सातवर टाकलं गेलं, आठव्यावर राहिलं. त्या आठव्यावर २००३ पासून वापरात नसलेला जुना कोड तसाच होता आणि नव्या सेटिंगने तोच जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. बाजार उघडण्याआधी सिस्टिमने इशारा देणारे ९७ ईमेल पाठवले होते, पण त्यांच्याकडे तातडीचा इशारा म्हणून कुणी पाहिलं नाही. गिटलॅबचे ईमेल पोचलेच नव्हते, इथे पोचूनही उपयोग झाला नाही. आठही सर्व्हर एकसारखे आहेत का, हे तपासायची लेखी पद्धत आणि दुसऱ्या माणसाची नजर, दोन्ही तिथे नव्हतं.

‘म्हणून माणूस लागत नाही’

लागतो, फक्त त्याचं काम बदललं आहे. पंखा बदलणं, केबल ओढणं गेलं. उरलं ते असं: दर तिमाहीला बॅकअप वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करून त्यातला ताळेबंद चालू सिस्टिमशी जुळवून बघणं. प्रत्येक सेटिंग बदलताना जुनं मूल्य, नवं मूल्य आणि कारण लिहून ठेवणं. पॅच आधी चाचणीच्या सर्व्हरवर लावणं. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद करणं. कुणी वापरत नसलेली आणि तरी तासागणिक बिल वाढवणारी टेस्ट मशीन्स बंद करणं. हा माणूस पूर्ण वेळचा असो की कराराने बाहेरून घेतलेला, ते व्यवसायाच्या आकारावर ठरेल. बाहेरचा असेल तर यातलं प्रत्येक काम करारात नाव घेऊन लिहा, विशेषतः रिस्टोअरची चाचणी, कारण सगळ्यात आधी टाळलं जाणारं काम तेच असतं.