फगवा माझा, फोटो काकांचा

होळीच्या दुसऱ्या दिवशी परतवाड्यावरून धारणीला जायचं असलं तर काळीपिवळीत पुढं खिडकीजवळ बसू नका, एवढंच सांगतो. मेळघाटात होळी पाच दिवस चालते, कामासाठी बाहेर गेलेले इथले कोरकू आदिवासी यावेळी गावी येतातच, आणि मग रस्त्यावर दोरी नाहीतर बल्ली आडवी धरून गाडी अडवतात, नाचतात, फगवा म्हणजे होळीचे पैसे मागतात. त्याचं मला काही नाही. टोलनाक्यावर गुपचूप पैसे देतोच की, तिथं कोणी कोरकूंचा गदली-सुसून नाच करून दाखवतं का?

राग आहे शेजारच्या काकांवर. अंजनगावकडचे, कडक इस्त्री, मांडीवर पिशवी. पहिली दोरी दिसली तसे म्हणाले, "द्या भाऊ, फगवा देल्ल्याबिगर गाडी सुटत नाई. परंपरा हाय." दिले वीस. पुढच्या वळणावर पुन्हा ढोलकी. "द्या भाऊ, खिडकीत तुमीच तं बसले."

अन् तुम्ही?

"माह्याजवळ सुट्टे नाई बाप्पा."

म्हटलं पाचशेची काढा, ड्रायव्हर मोड देईल. तर म्हणे सणाच्या दिवशी लक्ष्मी मोडू नाई. हे शास्त्र कुठलं? मी चिडून दहाची नोट काढली तर हा माणूस बाहेर वाकून बायांना सांगतो, "नोकरीवाले साहेब हायेत, दहात कायले सोडता?" बाया खो खो हसल्या, दोरी काही खाली येईना. शेवटी पन्नासची काढली, तर "थांबा, मी देतो त्यांच्या हातात" म्हणून काका ती घेऊन खाली उतरले सुद्धा.

सेमाडोहच्या पुढं माझ्याकडचे सुट्टे संपले, फोनवरून द्यावे तर टॉवर नाही. काका शांत. "हरिसाल येऊ द्या, २०१६ मंधीच डिजिटल गाव झालं ते, तिथं चालन." म्हणजे तिथंही मीच! मागं माणसं कोंबलेली, सणाचं म्हणून भाडं जास्त, एसटीची वाट पाहून पाहून पाय दुखलेले, यातल्या कशाचाच जाब विचारता येत नाही आणि दहाच्या नोटेवरून मात्र माझी कंजूष म्हणून गाडीभर बदनामी.

धारणीला काकांनी नंबर घेतला, कधी आले तं चहाले या म्हणाले. संध्याकाळी त्यांचं स्टेटस दिसलं. नाचणाऱ्या बायांमधे काका, कपाळाला गुलाल, हातात पन्नासची नोट. खाली लिहिलेलं, 'आदिवासी भगिनींना फगवा देताना.' मी नुसता अंगठा पाठवला, तर लगेच उत्तर.

"तुमी बी होते फोटोत, मांगं खिडकीत. पण डोये मिटेल होते म्हणून कापलं."