४१२ पंखे

फेसबुक म्हणजे आमच्या पप्पांच्या पिढीचं. माझ्या वर्गातलं एकही पोरगं इथं नाही, म्हणूनच हे इथं लिहितोय. फार तर मोठे मामा येऊन खाली जोडलेले हात ठेवून जातील. चालेल.

"आजकालच्या पोरांना मैत्री काय कळणार, चोवीस तास मोबाईल" हे वाक्य मला घरी आठवड्यातून तीनदा ऐकायला मिळतं. बोलणाऱ्याच्या हातात तेव्हा रील चालू असते, पण ते जाऊ दे.

मला एक मित्र आहे. आपण त्याला डब्या म्हणू, कारण पहिलीपासून स्वतःचा सोडून सगळ्यांचा डबा त्यानं खाल्लाय. २०२० च्या लॉकडाऊननंतर आमची सहावी मोबाईलवरच भरली. त्याच्या घरी एकच मोबाईल आणि तो त्याचे वडील कामावर घेऊन जायचे. मग डब्या आमच्या ओट्यावर यायचा. दीड जीबीत दोघांची शाळा. हजेरी चालू झाली की माझ्या नंबराला मी "येस मॅडम", आणि त्याचा नंबर आला की तो माझ्या खांद्यावरनं वाकून "येस मॅडम". मॅडमना शेवटपर्यंत कळलं नाही की एकाच चौकोनात दोन पोरं बसलीत. मोबाईलनं मैत्री बिघडते म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो. आमची तर पक्की झाली.

बिघडली ती नंतर, आणि तीही व्हॉट्सॲपच्या निळ्या टिकेपायी.

२०२५ च्या १३ मेला दुपारी १ वाजता दहावीचा निकाल लागला. सव्वाला मी त्याला मेसेज टाकला, "किती?" दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. चार वाजले, नाही. रात्री जेवताना बघितलं, नाही. मला ७१ टक्के पडलेले, आणि तो हुशार. माझ्या डोक्यात गणित तयार झालं: ह्याला नव्वदच्या वर पडलेत, आता आपल्याशी कशाला बोलेल. तीन दिवस मी त्याच्या गल्लीतनं गेलो नाही. भगवंत मंदिराकडे जायचं तरी लांबून वळसा.

चौथ्या दिवशी तोच आला, पेढे घेऊन. मोबाईल निकालाच्या दिवशी वडिलांकडे होता. मेसेज त्यांनी उघडला, कामावरच्या चार जणांना दाखवला, "पोराचा दोस्त विचारतोय" म्हणून. उत्तरही टाईप केलं होतं, "९३.४०". पाठवायचं बटण तेवढं दाबायचं राहिलं. डब्यानं दाखवलं मला, ते तसंच पडून होतं खाली.

ह्या निळ्या टिका व्हॉट्सॲपनं २०१४ च्या नोव्हेंबरात आणल्या. त्याआधी लोक काय करायचे मी पप्पांना विचारलं. म्हणाले, "काही नाही, कामात असेल म्हणायचो." बास, एवढंच. टिक बंद करता येते हे मलाही माहीत आहे. मी केली होती. तर ग्रुपवर दोघांनी विचारलं, "काय लपवतोस रे?"

स्ट्रीकचं तर बोलायलाच नको. वर्गातल्या एका पोराबरोबर माझी स्नॅपचॅटची ४१२ दिवसांची स्ट्रीक होती. रोज दोघांनीही एकेक फोटो पाठवायचा, नाहीतर आकडा जातो. मी काय पाठवायचो? पंखा. आमच्या छताचा पंखा. तो त्याच्या छताचा पाठवायचा. एकदा तोच पोरगा एसटी स्टँडवर भेटला, तर दोघांना बोलायला एक वाक्य सुचेना. त्याच्या पंख्याच्या पात्याला खरचटलंय एवढं मला माहीत होतं, त्याला भाऊ आहे का बहीण ते नव्हतं. पुढं स्ट्रीक तुटली. पैसे भरून परत जोडून मिळते म्हणे. मैत्रीचं पंक्चर काढून देतात, बघा.

डब्या आता लातूरला आहे, नीटच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीला. ७२० पैकी किती, हाच तिथला श्वास. होस्टेलवर स्मार्टफोन जमा करून घेतात, हातात साधा कीपॅड, रविवारी पंधरा मिनिटं. मागं लाईनीत पोरं "आवर की लका" करत असतात. परवा सांगत होता, त्याच्या खोलीतला एक जण झोपेत बायोलॉजी बरळतो आणि हा पडल्या पडल्या त्याच्या चुका काढतो.

बार्शी ते लातूर काही लांब नाही, पण तो सुट्टीशिवाय येत नाही आणि मी कॉमर्सवाला, मला तिकडं काय काम. एखाद्या रविवारी फोन येतच नाही. मग राग येतो. येतोच. पण त्याचा लास्ट सीन दिसत नाही, टिक दिसत नाही, त्यामुळं राग धरून ठेवायला पुरावा नसतो. सोमवारी दुपारपर्यंत तो आपोआप उतरतो.

आणि पंधरा मिनिटं म्हटल्यावर तयारी करावी लागते. बाकी पोरांचे व्हॉइस मेसेज मी दुप्पट स्पीडनं ऐकतो, खोटं कशाला बोलू. डब्याला काय सांगायचं ते मात्र ओसीच्या (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स, आमचा विषय) वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतो. ह्या आठवड्यात नऊ गोष्टी झाल्यात. सहाव्या नंबरावर नुसतं "चिंच" लिहिलंय आणि काही केल्या मला आठवत नाहीये की चिंचेचं काय. रविवारी त्यालाच विचारतो, त्याला माहीत असेल.