मोठे टायर, मोठा मास्टर आणि एक फसवा मेसेज

भाच्याने थारला २८५/६५ आर १८ टायर चढवले, इथवर माझं काही म्हणणं नाही. हौसेला मोल नसतं. पण परवा त्याने एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, 'मामा, शनिवारी गॅरेजला हे करून घेतोय.' ते वाचलं आणि डोकं फिरलं. हाच मेसेज ऑफरोडवाल्यांच्या ग्रुपमध्ये बरेच दिवस फिरतो आहे, आणि त्याखाली अंगठे दाखवणाऱ्यांची रांग लागलेली असते.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. रुंद टायरला पकड जास्त, म्हणून गाडी उलट लवकर थांबते. तरीही ब्रेक मऊ वाटला तर मोठ्या बोअरचा, म्हणजे जाड पिस्टनचा, मास्टर सिलिंडर बसवा. ब्रेक ऑइल डॉट ५ टाका, आकडा मोठा तितका माल चांगला. डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीला, लेथवर भोकं पाडून घ्या, थंड राहतील. आणि एबीएस आहेच, मग चिंता कसली.

मास्टर सिलिंडरपासूनच सुरुवात करतो, कारण भाचा शनिवारी तोच बदलायला निघाला आहे.

मास्टर सिलिंडर म्हणजे ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप. पायाने पेडल दाबलं की पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरच्या मदतीने तो जोर मास्टरच्या पिस्टनवर येतो. पाइपात जो दाब तयार होतो तो म्हणजे जोर भागिले पिस्टनचं क्षेत्रफळ. शाळेत पास्कलचा नियम शिकवतात तो हाच. आता २५ मिमीचा मास्टर काढून २८ मिमीचा बसवला, तर क्षेत्रफळ सव्वापट होतं. पाय तेवढ्याच जोराने दाबला तर पाइपातला दाब वीस टक्क्यांनी कमी होतो. वाढत नाही, कमी होतो! मग पेडल कडक का लागतं? कारण मोठा पिस्टन थोड्या हालचालीत जास्त ऑइल ढकलतो. पेडल वरच्या वर थांबतं, पायाला दगडासारखं लागतं आणि मालक खूश होतो. गॅरेजच्या दारात दहाच्या वेगाने पुढे-मागे करून दाखवलं की गिऱ्हाईक पैसे देऊन मोकळं.

आता यात टायर मिळवा. थारचा कंपनीचा २५५/६५ आर १८ टायर साधारण ७८९ मिमी व्यासाचा असतो. २८५/६५ आर १८ झाला ८२८ मिमीचा, म्हणजे पाच टक्के मोठा. ब्रेक चाकाला जो पीळ देतो त्याला त्रिज्येने भागलं की रस्त्यावर मिळणारा जोर निघतो, म्हणजे मोठ्या टायरने तो आधीच पाच टक्क्यांनी घटलाय. वर नवा मास्टर. दोन्ही मिळून हिशोब केला तर आधीइतकीच गाडी आवरायला पाय जवळजवळ एकतृतीयांश जास्त जोराने दाबावा लागेल. पस्तीस इंची टायरवाल्यांचं तर विचारूच नका. तिथे व्यास तेरा टक्क्यांनी वाढलेला असतो. ब्रेक अपग्रेडच्या नावाखाली ब्रेक कमजोर करून घ्यायचा आणि वर मजुरी द्यायची!

या मूर्खपणाचं मूळ कुठे आहे तेही सांगतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. पुढचे कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे, मोठ्या पिस्टनचे बसवले किंवा मागचे ड्रम काढून डिस्क केली, की त्या पिस्टनांना जास्त ऑइल लागतं. जुना मास्टर तेवढं पुरवू शकला नाही तर पेडल खोल जातं. तेव्हा मास्टर मोठा करावा लागतो, तोही कॅलिपरच्या क्षेत्रफळाशी प्रमाण जुळवून. कुणीतरी त्या कामातला हा एवढाच तुकडा उचलला आणि चार हजारांत विकायला काढला.

रुंद टायरच्या पकडीत मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. कोरड्या डांबरावर एकदाच करकचून ब्रेक मारला आणि ब्रेकमध्ये चाक अडवण्याइतकी ताकद उरली असेल, तर गाडी किती अंतरात थांबेल हे टायरच्या पकडीवर ठरतं. नुसता पाच टक्के मोठा टायर तिथे फार फरक करत नाही. पण मोठा टायर घेणारे बहुतेक जण मड टेरेन घेतात. त्याचे ठोकळे चिखलासाठी असतात. पावसाळ्यातल्या गुळगुळीत डांबरावर तो हायवे टायरपेक्षा कमीच धरतो. शिवाय तो जड. टायरचं वजन कडेला असतं आणि ते फिरतंही, त्यामुळे ब्रेक लावताना तिथला एक किलो गाडीत ठेवलेल्या जवळजवळ दोन किलोंइतका भारी पडतो. वेगाच्या काट्याचंही तसंच. काटा ऐंशी दाखवत असताना गाडी जुन्या टायरवर धावली असती त्यापेक्षा पाच टक्के वेगात असते, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे आवरायची ऊर्जा दहा टक्के जास्त.

पण खरा घोळ एका ब्रेकमध्ये नाही, घाटात आहे, आणि मेसेजमध्ये घाटाचा एक शब्द नाही. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी जवळपास पाचशे मीटर खाली येते. माणसं-सामानासह दोन टनांची गाडी धरली तर ती ऊर्जा शंभरच्या वेगावरून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबण्याइतकी होते. ती कुठेतरी उष्णता होऊन जायलाच हवी. काही हवा खाते, काही टायर, उरलेली इंजिन आणि ब्रेक वाटून घेतात. मोठा टायर या वाटणीत इंजिनाचा हिस्सा कमी करतो, कारण त्याच गिअरमध्ये त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं आणि चाकापर्यंत पोचणारा त्याचा अडसरही घटतो. पूर्वी तिसऱ्यात उतरायचात तिथे दुसरा टाकावा लागेल. ताम्हिणीतून कोकणात उतरताना तिसऱ्यातच राहून पाय पेडलवर ठेवून बसलात, तर पॅड जळल्याचा वास खाली पोचायच्या आधी येईल. पस्तीस इंचीवाल्यांनी क्राउन-पिनियनचा, म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या शेवटच्या गिअर-जोडीचा, रेशो बदलण्याचा खर्च टायरच्या बिलातच धरायला हवा. तो परवडत नसेल तर तो टायरही परवडत नाही.

आता डॉट ५. इथे वाद घालायला जागाच नाही, कारण हे आकडे अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस ११६ या मानकातून आलेत आणि डब्यावरचं 'डॉट' हेसुद्धा तिथल्या परिवहन खात्याचं लघुरूप आहे. त्या मानकाप्रमाणे नवं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळायला हवं, डॉट ४ २३० ला आणि डॉट ५.१ २६० ला. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हेच आकडे १४०, १५५ आणि १८० असे खाली येतात. ही तीनही ग्लायकॉलच्या जातीची. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं. उकळबिंदू डॉट ५.१ इतकाच, पण जात वेगळी. ते ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये मिसळत नाही, त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात आणि एबीएसच्या गाडीत ते घालू नये असं सगळे सांगतात. म्हणजे ५ आणि ५.१ यांत एका टिंबाचा फरक नाही, तो पूर्ण वेगळा माल आहे. जुनं ऑइल अर्धवट काढून वर डॉट ५ ओतणारा गॅरेजवाला भेटला तर गाडीची चावी परत घ्या. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या बाटलीच्या झाकणावर गाडीच्या कंपनीने जे छापलंय ते ताजं भरा आणि दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. कारण हवेतली ओल शोषलेलं ऑइल घाटात तापून उकळलं की पाइपात वाफ होते. वाफ दबते, ऑइल दबत नाही, आणि पेडल एका क्षणात तळाला जातं. 'अचानक ब्रेक फेल' म्हणतात त्यातले बरेच इथले.

डिस्कला लेथवर भोकं? नको. आतून पोकळ असलेल्या व्हेंटिलेटेड डिस्कला गॅरेजात भोकं पाडली की तिथूनच तडे जायला लागतात. पुढच्या चाकाची डिस्क घाटात फुटली तर ती थंड होती की गरम, याने काय फरक पडणार?

एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. पाइपात नसलेला दाब आणि जळलेला पॅड ते परत आणून देत नाही.

भाच्याला करायचंच असेल तर क्रम असा: ऑइल बदल, पाइपातली हवा पूर्ण काढ, तापल्यावरही पकड न सोडणारे चांगल्या कंपनीचे पॅड घाल, मागचे ड्रम उघडून शू आणि अ‍ॅडजस्टर बघ. ड्रम सैल असला तरी पेडल खोल जातंच, आणि लोक मास्टरला दोष देतात. एवढ्याने भागलं नाही तर मोठी डिस्क आणि कॅलिपरचं जुळवलेलं किट. आणि हो, कायदा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं, आणि कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याचा दावा करताना हे आठवण्यापेक्षा आधी आठवलेलं बरं.

शेवटचं, मेसेजात नसलेलं. मागच्या दारावर स्टेपनी अजून जुन्याच मापाची लटकते आहे, मी फोटोत पाहिली. रस्त्यात पंक्चर झालं आणि तीच बसवली तर एका अ‍ॅक्सलवर दोन व्यासांची चाकं होतील. मग फोर-बाय-फोर टाकू नकोस, आणि पाचवा टायर कधी घेतोस ते सांग.