पिकअपची बॅटरी हौद्यात नेताना ‘फ्यूज नको, अर्थिंग कुठेही’ हे चालत नाही

बॉनेटखालची बॅटरी मागे हौद्यात नेण्याबद्दल एक सल्ला बराच फिरतोय: ‘जम्पर केबल कापून प्लस सेल्फपर्यंत (स्टार्टर मोटरपर्यंत) न्या, मायनस हौद्याच्या पत्र्याला आवळा. फ्यूज लावू नका, सेल्फ मारताना उडतो. कंपनीसुद्धा लावत नाही.’ यातल्या एकाही वाक्यावर गाडी सोपवू नका.

आधी फ्यूज. कंपनीची प्लस केबल जेमतेम हात-दीड हात लांब असते आणि पत्र्यापासून दूर असते. तुमची पाच मीटरची केबल चासीच्या (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या) कडांना लागून आणि सायलेन्सरच्या जवळून जाते. कंपनाने इन्सुलेशन घासलं की बॅटरी थेट चासीवर शॉर्ट होते, हजार अँपिअरच्या वर करंट वाहतो आणि केबल लाल होऊन पेटते. ती बंद करायला स्विचही नसतो. बॅटरी मागे असलेल्या कित्येक बीएमडब्ल्यू गाड्यांत अपघात होताच स्फोटक टर्मिनल प्लस केबल तोडतं. म्हणजे कंपनीही लांब केबल बेवारस सोडत नाही.

फ्यूज उडतो तो चुकीचा लावल्यामुळे. ब्लेड फ्यूज (गाडीच्या फ्यूज बॉक्समधला छोटा, दोन पात्यांचा) इथे कामाचा नाही. मेगा किंवा एएनएल प्रकारचा, बोल्टने बसणारा मोठा फ्यूज घ्या. तो काही सेकंदांचा जादा भार सोसतो. डीसी क्लॅम्प मीटरने (केबलभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) सेल्फचा करंट मोजून रेटिंग ठरवा. अडीच लिटरच्या डिझेलला बहुधा ३०० अँपिअरपासून सुरुवात होते. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात बसवा. सेल्फच्या टोकाला लावला, तर मधली सगळी केबल संरक्षणाविनाच राहते.

जम्पर केबलचं म्हणाल तर तिचा जाडपणा बहुतेकदा रबराचा असतो. आत अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम निघतं. शुद्ध तांब्याची १६ चौरस मिमी केबल पाच मीटर टाकली, तरी ४०० अँपिअरला २.२ व्होल्ट वाटेतच जातात. मुलाम्याच्या तारेत तीनच्या वर. सेल्फ रेंगाळतो, सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) कटकट करतं आणि लोक बॅटरी बदलत बसतात. ५० चौरस मिमीला तोच तोटा ०.७, तर ७० ला अर्धा व्होल्ट. डिझेलसाठी ७० घ्यावी. बारीक तारांची तांब्याची वेल्डिंग केबल चालते. थिंबल (केबलच्या टोकाला बसणारं, बोल्टचं भोक असलेलं धातूचं टोक) हायड्रॉलिक क्रिम्परने दाबा. हातोडीने ठोकू नका, सोल्डरही नको: जोड तापला की ते मऊ पडतं, आणि जिथे ते संपतं तिथे केबल कडक होऊन हादऱ्याने तुटते.

मायनस हौद्याला लावणं ही सर्वांत फसवी चूक. हौदा चासीवर रबर किंवा लाकडाच्या पॅकिंगवर बसतो. जोड फक्त रंगलेल्या, गंजलेल्या बोल्टांचा असतो. कोकणातल्या दमट हवेत एका पावसाळ्यात तोही खराब होतो. मायनस केबल चासीला लावा: रंग घासून चकचकीत धातू, दातेरी वॉशर, एम१० बोल्ट, वरून ग्रीस. इंजिनही रबर माउंटिंगवर असतं, म्हणून इंजिन ते चासी अशी तेवढ्याच जाडीची अर्थ पट्टी हवीच. ती नसेल तर सेल्फचा करंट अ‍ॅक्सिलरेटर वायरमधून वाट शोधतो आणि ती वायर जळते.

‘मेंटेनन्स फ्री बॅटरीतून गॅस येत नाही’ हेही जोडून सांगतात. जास्त चार्ज झाली की तीही हायड्रोजन सोडते, आणि हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. बंद पेटीत बॅटरी ठेवणार असाल तर बाहेर जाणारी वेंट नळी लावाच. वीस किलोच्या आसपासचं हे वजन दोरीने नाही, चासीला बोल्ट केलेल्या क्लॅम्पने धरा.

काम झाल्यावर इंजिन सुरू होऊ न देता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मल्टीमीटर बॅटरीच्या प्लस खांबापासून सेल्फच्या प्लस बोल्टपर्यंत धरा: अर्ध्या व्होल्टच्या आसपास चालेल. मग मायनस खांबापासून इंजिन ब्लॉकपर्यंत: ०.३ च्या वर गेलं, तर चासीचा जोड उघडून पुन्हा घासा.